रुमालाखालचा आकडा

“मॅडम, बसल्यात की उभ्या आहात?” देसाईंनी फोनवर विचारलं.

“उभी आहे. बोला.”

“मग बसून घ्या की जरा.”

देसाई मूळचे बेळगावचे, राहायला बंगळूरला, आणि चिपा बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीचे इकडचे एजंट. कित्येक वर्षं मी त्यांच्याशी दरावरून भांडत आले होते. भांडण संपलं की ते घरची खुशाली विचारायचे आणि मी त्यांना सांगलीच्या हळदीचा भाव सांगायचे. असा माणूस फोनवर एवढ्या हळू आवाजात बोलायला लागला की समजावं, याला दर वाढवायचाय. मी काही बसले नाही.

“किती टक्के?” मी सरळच विचारलं.

“दर नाही हो मॅडम. तुमचा पार्टच बंद करायलेत. आज पत्र निघालं. मार्चअखेर शेवटची ऑर्डर घेणार. लाइफटाइम बाय म्हणतात त्याला. आयुष्यभर लागतील तेवढ्या एकदाच मागून घ्यायच्या. त्यानंतर एक म्हणून मिळायची नाही.”

“कुणाच्या आयुष्यभर?”

“तुमच्या प्रॉडक्टच्या हो,” देसाई म्हणाले. मग मी बसले.

कुपवाडच्या एमआयडीसीत माझा धाकटा भाऊ सन्मती आणि मी मिळून एक छोटा कारखाना चालवायचो. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, आत चार खोल्या आणि कामाला अर्धा डझन बायका. आम्ही एकच वस्तू बनवायचो. तिचं नाव ‘राखण’. दिवस पूर्ण व्हायच्या आत जन्मलेल्या बाळांना नाकात नळी घालून हवा देतात. त्या नळीवर बसणारी साबणाच्या वडीएवढी ती डबी. हवेचा दाब घसरला की ती किंचाळायची आणि नर्स धावत यायची. मिरजेची हॉस्पिटलं, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, विजापूर, जिथं मोठी मशिनं परवडत नाहीत तिथं राखण होती.

त्या डबीच्या पोटात तिळाएवढी चिप आणि चिपेत सिलिकॉनचा एक पापुद्रा, केसाहून पातळ. बाळाच्या श्वासाबरोबर तो पापुद्रा लवायचा. अशा हलत्या भागांच्या चिपांना मेम्स म्हणतात, एवढं मला कळायचं. पुढचं सगळं सन्मतीचं खातं. मी ‘चिपा’ म्हटलं की तो चिडायचा. “अक्का, चिप्स म्हण की,” म्हणायचा. मी म्हणायचे, चिप्स बटाट्याच्या, आपल्या चिपाच.

आमचे आप्पा सांगलीच्या पेठेत हळदीचे आडते. ते गेले आणि सन्मती पुण्याची नोकरी सोडून राखणीच्या मागं लागला, तेव्हा मीही बँक सोडली आणि त्याची खरेदी सांभाळायला आले. लग्न दोघांचंही झालं नाही. माझं जमलं नाही आणि त्याला वेळ झाला नाही.

फोन ठेवून मी आत गेले. सन्मती सूक्ष्मदर्शकावर वाकून बसला होता. शर्ट अंगावर नुसता लोंबत होता. दिवाळीपासून त्यानं सूर्यास्तानंतर जेवायचं सोडलं होतं. आमच्यात बरेच लोक हा नेम पाळतात, पण हा गडी पर्युषणातसुद्धा देवळाची पायरी न चढणारा. त्याला एकाएकी धर्म सुचला याची मी भरपूर थट्टा केली होती.

“सनू, तुझी चिप मेली,” मी म्हणाले.

“हो. मेल आलाय सकाळीच.”

“आणि मला सांगायचं नाही?”

“तू देसाईंना फोन करून शिव्या घालशील म्हटलं. त्यांचा काय दोष?” त्यानं डोळा काही भिंगावरून काढला नाही.

पुढच्या आठवड्यात देसाई स्वतः आले. शिव्या तोंडावर खाव्यात एवढा भला माणूस. मी भडंग आणि चहा समोर ठेवला, त्यांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर मेम्सच्या बाजाराचा कसलासा अहवाल होता आणि त्यात एक रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेलेली.

“ही सगळी जगातली मागणी,” ते म्हणाले. “दरवर्षी अशी चढायलीये.”

“मग चांगलंच की. मागणी वाढली की माल जास्त येतो.”

“हळदीत येतो, मॅडम. इथं उलटं.” त्यांनी भडंगाचा बकाणा भरला आणि बोटं पुसली. “फोन आडवा धरला की चित्र आडवं होतंय नव्हे? ते याच जातीच्या चिपेमुळं. फोनचा माइक तीच जात. गाडीची एअरबॅग, चाकातली हवा, पावलं मोजणारं घड्याळ, सगळीकडं मेम्सच. एक फोनवाला सकाळी जेवढ्या उचलतो तेवढ्या तुम्ही जन्मात घेणार नाही. भट्टी तीच, सिलिकॉनच्या थाळ्या त्याच. मालक म्हणतोय, त्या थाळीवर फोनचा माल निघतोय तर यांचा कशाला काढू?”

“म्हणजे बाजार वाढतोय म्हणून आम्हाला मिळणार नाही,” मी म्हणाले.

“असंच झालंय खरं.”

सन्मतीनं पडद्यावरच्या एका गोल चित्राकडे बोट केलं. “यात आम्ही कुठं?”

देसाईंनी एक बारकी फाक दाखवली. “हे मेडिकल. त्यात हे मोठे पाच. आणि ही करडी चिरी दिसतेय ती ‘इतर’.”

“म्हणजे आम्ही इतर.”

“खरं सांगू का साहेब, इतरांत पण तुम्ही नाही. तेसुद्धा तुमच्यापेक्षा लई मोठे.”

सन्मती पोट धरून हसला. हसता हसता वाकला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. मला वाटलं, हसू आवरेना.

त्याच कंपनीची दुसरी एक चिप होती. फोनसाठी केलेली, माणूस कितव्या मजल्यावर आहे ते सांगणारी. “बाळाच्या श्वासाला काय मजले असतात?” सन्मती म्हणाला. दुसऱ्या एका कंपनीची थोडीफार जुळणारी होती, पण ती घालायची तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून, हॉस्पिटलांतून पुन्हा वापरून बघायचं, पुन्हा सरकारी परवाने. त्यात काही वर्षं सहज गेली असती.

“ते आता होणार नाही,” सन्मती म्हणाला.

“का होणार नाही? पहिल्यांदा केलंच की.”

“पहिल्यांदा केलं, अक्का. आता नाही.”

देसाईंनी विचारलं, मग किती वर्षांचा माल धरू? मी म्हणाले दहा. सन्मती म्हणाला एक. देसाईंनी लॅपटॉप मिटला आणि तुमचं ठरवून कळवा म्हणून कोल्हापूरची गाडी गाठायला गेले.

त्यांची पाठ वळल्यावर आमची जुंपली. आतल्या बायकांना ऐकू जाईल म्हणून आम्ही मागं नारळाखाली जाऊन भांडलो.

“एक वर्षाच्या चिपा घ्यायच्या आणि मग काय, भडंग विकायचं?”

“तू मोकळी हो की अक्का. बँक सोडून माझ्यामागं आलीस. पुरे झालं.”

“मी तुझ्यामागं आले नाही. राखणीसाठी आले.”

“तेच ते.”

“तेच ते नाही. विजापूरच्या त्या बाईनं बाळ आणून दाखवलं होतं ते विसरलास? डबी ओरडली म्हणून वाचलेलं. तू तर रडलास त्या दिवशी. आणि आता म्हणतोस, एका वर्षाच्या पुरेत.”

“विसरलो नाही,” तो म्हणाला. “मी दमलोय.”

मला संताप आला. माझा भाऊ दमणाऱ्यांतला नव्हता. मला वाटलं, त्या चढत्या रेघेनं त्याचं अवसान घालवलं. बाजार दुसरीकडं गेला म्हणून आपणही दुकान गुंडाळायचं, ही आडत्याच्या घरची रीत नव्हे. आप्पांनी हळद मातीमोल झालेली वर्षंही पेठेत बसून काढली होती. मी त्याच्याशी चार दिवस कामापुरतंच बोलले.

संक्रांतीच्या आठवड्यात दुरुस्तीला आलेल्या डब्या परत द्यायला मी मिरजेला गेले. तिथल्या एका हॉस्पिटलात नवजात बाळांच्या वॉर्डच्या मुख्य नर्स होत्या विमल सिस्टर. आमची पहिली राखण त्यांनीच वापरून बघितली होती. मी त्यांना विचारलं, पुढच्या दहा वर्षांत तुम्हाला किती लागतील?

“आता ते मी कसं सांगू? बाळं काय विचारून येतात होय?” त्या हसल्या. डब्या एकेक करून कपाटात लावत म्हणाल्या, “सन्मतीदादांचं पोट कसंय? स्कॅनच्या दिवशी भेटले होते, त्यानंतर आलेच नाहीत.”

“कसला स्कॅन?”

त्यांचा हात कपाटातच राहिला. “मी बोलायला नको होतं, अक्का. त्यांनाच विचारा.”

मी त्यांची वाट अडवून उभी राहिले. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि एकच शब्द सांगितला. स्वादुपिंड. त्यापुढं मी कितीही विनवलं तरी बोलल्या नाहीत.

मिरजेहून कुपवाड काही लांब नाही. त्या दिवशी मी स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. कारखान्यात पोचले तेव्हा बायका झाडाखाली डबे खात होत्या. सन्मती आत एकटाच कामाच्या टेबलाशी होता.

“स्वादुपिंड कुठं असतं रे?” मी विचारलं.

त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला. “विमल सिस्टर ना?”

“कॅन्सर?”

“हो.”

“कधीपासून ठाऊक आहे तुला?”

“दिवाळीनंतर कळलं. दुखत आधीपासून होतं.”

मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर त्याचं रात्रीचं जेवण. “म्हणजे तो नेमबिम काही नव्हता.”

“रात्रीचं पोटात टिकायचंच नाही,” तो म्हणाला. “धर्माचं नाव सांगितलं की तू आग्रह करणार नाहीस, हे माहीत होतं.”

मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. तो टेबलावरच्या स्क्रूंशी खेळत बसला. मुंबईला दाखवू म्हणाले, तर तो म्हणाला, मुंबईच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून झालेत. ऑपरेशन? नाही म्हणालेत. औषधं चालू आहेत, दुखू नये म्हणून. मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारू नये असं येतानाच्या वाटेवर ठरवलं होतं.

“किती सांगितलंय डॉक्टरांनी?”

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा प्रयत्न केला. माझा भाऊ तसा बोलका, पण शब्द काही बाहेर पडेना. मग त्यानं चिपा पुसायचं मऊ पांढरं फडकं घेतलं, माझा उजवा हात ओढून आपल्या हातात घेतला आणि फडकं दोघांच्या हातांवर पसरलं.

लहानपणी आम्ही हे दिवसभर खेळायचो. आप्पांच्या वेळी पेठेत हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे. घेणारा आणि आडत्या हातात हात घालत, वर रुमाल टाकत आणि तोंडानं अवाक्षर न काढता एकमेकांची बोटं धरत. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. भोवती उभ्या असलेल्या दहा व्यापाऱ्यांना पत्ता लागायचा नाही. ते शेकडे की हजार हे कुणी सांगत नसे, माल समोर असायचा आणि दोघंही जाणकार असायचे. आम्ही दोघं त्या खेळात गोट्यांचा, चिंचांचा, कुणी किती मार खायचा त्याचा सौदा करायचो.

फडक्याखाली त्यानं माझी तीन बोटं धरली. घट्ट धरली आणि धरूनच ठेवली.

“तीन?” मी विचारलं.

“तीन,” तो म्हणाला. आता त्याला आवाज फुटला होता.

तीन वर्षं. स्कूटरवर मी याहून वाईट ऐकायची तयारी केली होती. तीन वर्षांत नवी औषधं येतात, माणसं चमत्कार झाल्यासारखी उठून बसतात, असं मी स्वतःलाच सांगितलं. डोळे पुसून त्याला म्हणाले, “हे बघ. हे तुझं झालं. राखणीचं नाही. तिला मी एवढ्यात जाऊ देणार नाही. दहा वर्षांच्या चिपा मागवणार.”

“मागव,” तो म्हणाला. पहिल्यांदाच वाद घातला नाही.

त्यानं मला एक अट घातली, की डॉक्टरांच्या मागं लागून खोदत बसायचं नाही. एकदाच मी हट्टानं त्याच्याबरोबर गेले. डॉक्टर तरुण होते आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हते. “तुम्हाला सगळी कल्पना आहे ना?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आहे. “मग यांना जे खावंसं वाटेल ते द्या,” एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटची बेल वाजवली. घरी येऊन मी पुरणपोळ्या केल्या. सन्मतीनं एक घास खाल्ला आणि फार छान झाल्यात म्हणाला.

कारखान्यात तो रोज यायचा. रुखसाना म्हणून मिरजेची एक हुशार बाई पहिल्यापासून आमच्याकडं होती. डबी जुळवून झाली की पाण्याच्या नळीवर तिचा दाब तपासून मेळ घालायचं काम सन्मती स्वतः करायचा. ते आता त्यानं रुखसानाला शिकवायला घेतलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आजारपणानं का होईना, याला कामं वाटून द्यायची अक्कल आली.

फेब्रुवारीत देसाईंचा फोन आला. या वेळी त्यांनी बसायलाही सांगितलं नाही. “मॅडम, सगळ्या जगातून शेवटची मागणी आलीये. थोड्या थोड्या वाटून द्यायलेत. तुम्हाला वर्षाच्यासुद्धा पुऱ्या मिळत नाहीत.”

“बाकीच्या?”

“बाकीच्या नाहीतच.”

मी सन्मतीला सांगितलं. त्याला फारसं काही वाटलं नाही. “पुरतील की,” म्हणाला. मला मात्र अंगात वारं शिरल्यासारखं झालं. कुठल्याही बाजारात कुणाच्या तरी कपाटात न लागणारा माल पडलेला असतोच, आणि तो शोधून काढण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरला नसता. ज्यांनी ज्यांनी ही चिप कधी घेतली होती त्यांची नावं मी देसाईंकडून काढून घेतली आणि बाहेर पडले. बंगळूरला दोनदा गेले. नोएडाला गेले. एका माणसानं बनावट माल दाखवला, दुसऱ्यानं खरा दाखवला पण ऐनवेळी शब्द फिरवला. चार दिवस घरी, आठ दिवस बाहेर असं चाललं होतं. प्रत्येक खेपेला परत येऊन बघावं तर सन्मती आणखी वाळलेला. मी औषधं विचारायचे, रुखसानाला सूचना द्यायचे आणि पुढचं तिकीट काढायचे.

मार्च संपत आला तेव्हा चेन्नईचा सुगावा लागला. तिथल्या एका कंपनीनं असलंच एक यंत्र करायला घेतलं होतं आणि अर्ध्यात सोडून दिलं होतं. चिपा तशाच सीलबंद पडून होत्या. निघायच्या सकाळी सन्मती ओसरीवर कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून बसला होता. अंगावर शाल. नव्या हळदीचे दिवस होते, रस्त्यानं पोत्यांचे ट्रक पेठेकडं चालले होते आणि वास घरात येत होता.

“अक्का, आज नको जाऊस,” तो म्हणाला. “बस की जरा.”

“काय दुखतंय का?”

“दुखत नाही. नुसती बस. आप्पांच्या पेठेतला वास आलाय बघ.”

मी बॅग खांद्याला लावत होते. “बसायला तीन वर्षं पडलीत रे सनू. चिपा तेवढं थांबणार नाहीत. आज नाही गेले तर दुसरा कुणी उचलेल.”

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं, काही बोलणार. ओठ उघडलेसुद्धा. पण दारात रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला आणि मी चप्पल शोधायला लागले.

“बरं,” तो म्हणाला. “जा तू. पाणी घेतलंस का?”

मी बाटली वर करून दाखवली.

चेन्नईत मला यश आलं. ती माणसं सज्जन निघाली. डबी कशासाठी आहे ते ऐकल्यावर त्यांच्या मॅनेजरनं फार ताणलं नाही. चिपा अस्सल होत्या आणि मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट होत्या. पुढं त्यांच्यावर राखण खरोखरच आठ वर्षं चालली. बाजाराच्या कुठल्याही अहवालात ती कधी दिसली नाही, पण चालली. शेवटपर्यंत प्रत्येक डबीचा मेळ रुखसानानंच घातला. त्या दिवशी अर्थात हे काही ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या ऑफिसच्या जिन्यात उभी राहून सन्मतीला फोन लावला.

“मिळाल्या, सनू. सात-आठ वर्षं बघायला नको.”

तो हसला. आवाज फार बारीक येत होता, मला वाटलं लाइन खराब आहे. “आप्पा असते तर तुला पेठेत गादीवर बसवलं असतं,” तो म्हणाला. आणि मग, “आता येशील?”

“माझ्यासमोर पॅकिंग करून घेते. दमट हवा लागली तर वाया जातील. परवा निघते.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी रुखसानाचा फोन आला. मी तिथनं जशी होते तशी निघाले. मिरजेच्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा तो ग्लानीत होता. मी त्याला चिपांचं सांगितलं, हाका मारल्या, कपाळावरून हात फिरवला. त्यानं डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर पेशंटांच्या जेवणाची वेळ झाली होती तेव्हा, तो गेला.

मी रडले नाही. मला आयुष्यात एकच गोष्ट नीट येत होती ती मी केली. मी भांडायला उठले. त्या तरुण डॉक्टरांना मी पॅसेजमध्येच गाठलं. काय दिलंत त्याला, कुठलं औषध चुकलं, कुणी हयगय केली, मला कागद दाखवा. माणसं जमली. डॉक्टर काहीतरी समजावू लागले, मी त्यांना बोलू दिलं नाही. “तीन वर्षं होती त्याच्याकडं,” मी ओरडून म्हणाले. “तीन वर्षं. तुम्ही त्याला तीन महिन्यांत घालवलंत.”

कुणीतरी माझ्या दंडाला धरलं. विमल सिस्टर होत्या. त्यांनी मला बाजूच्या खोलीत नेलं, दार लोटून घेतलं आणि खुर्चीवर बसवलं.

“अक्का,” त्या म्हणाल्या, “तीन महिनेच म्हणाले होते डॉक्टर. संक्रांतीच्या आधी, त्या स्कॅनच्या दिवशी. माझ्यासमोर सांगितलं. त्यांनी तुम्हाला नाही सांगितलं?”

मी माझ्या उजव्या हाताकडं बघत बसले.

“सांगितलं होतं,” मी म्हणाले. “तीनच सांगितलं. वर्षं मी धरली.”